एक जूनचा चौकोन

त्रिंबककाका जिना चढून वर आले ते धाप टाकायलाही थांबले नाहीत. भिंतीवरच्या तक्त्यापाशी गेले, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, जूनच्या पहिल्याच चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा आपला."

"काका, अजून बैठक सुरू व्हायचीय," कावेरी म्हणाली.

"व्हऊ दे की. आमी कुठं नको म्हणलो? पण हा आपला."

माजलगावच्या कोरे वस्त्र भांडाराचा वरचा मजला. त्या मे महिन्याच्या दुपारी तिथल्या जुन्या गाठी एका कोपऱ्यात सरकवून कावेरीनं सतरंजी अंथरली होती आणि भिंतीला, मोबाईलवरच्या दुकानाच्या पानावर कुठल्या दिवशी काय टाकायचं त्याचा तक्ता चिकटवला होता. जून ते मार्च, प्रत्येक दिवसाला एक चौकोन. मंगळवारी नवा माल. शुक्रवारी गिऱ्हाइकाचा फोटो. उसाची बिलं जमा होतात त्या पंधरवड्यात पैठण्या, आणि ज्या दिवशी बाया शेतात खुरपणीला असतात त्या दिवशी काहीच नाही. पोस्ट सुटायची वेळ दुपारी अडीच, कारण जेवणं उरकून, भांडी पालथी घालून माजलगावची बाई मोबाईल हातात घेते ती अडीचला. सहा महिने जिन्याखाली बसून, येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना विचारून विचारून तिनं हे टिपलं होतं. घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं, कारण घरात तिला कुणी विचारलं नव्हतं.

तिला हवा होता हा मजला. खाली गादीवर तिच्या नवऱ्याचे, वीरेशचे मित्र चहा पीत बसतात, त्यांच्या डोळ्यांदेखत नवरीनं पदर लावून बघायचा म्हणजे निम्म्या नवऱ्या बघतच नाहीत. बस्त्याला आलेल्या बायकांना वर निवांत बसू द्यावं, साडी नेसून आरशात बघू द्यावी, एवढंच तिचं म्हणणं.

महारुद्रअप्पांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, तिला नाही म्हटलं नव्हतं. अप्पांनी चाळीस वर्षांत कुणालाच नाही म्हटलेलं नव्हतं. गिऱ्हाइकाला आणि घरच्यांना ते सारख्याच गोड तोंडानं "बघू की" म्हणत आणि मग आपल्या मनासारखं करत. या वेळी ते म्हणाले होते, "घरातल्या चौघांनी हो म्हणलं की मजला तुझा." आणि त्याच तोंडानं बीडच्या एका क्लासवाल्या सरांना सांगून बसले होते, की रविवारी संध्याकाळी सहाला फोन करा, भाड्याचं पक्कं कळवतो.

आज रविवार होता. तीन वाजून गेले होते.

चौघंजण म्हणजे कोण, ते कावेरीनं आठवडाभर तोलून पाहिलं होतं. त्रिंबककाका, अप्पांचे धाकटे भाऊ. क्लासवाले सर त्यांनीच शोधून आणलेले, म्हणजे ते विरोधात. धनश्री, नणंद, केजहून सुट्टीला आलेली. तिच्या थोरल्याला त्याच सरांच्या क्लासमध्ये जागा मिळायची होती, म्हणजे तीही विरोधात. वीरेश, नवरा. तो बायकोच्या बाजूनं होता, पण कुणी आवाज चढवीपर्यंतच. आणि सासूबाई महादेवी. त्या कुठल्या बाजूला होत्या हे खुद्द त्यांनाही बहुधा ठरवायचं नव्हतं. अलीकडे त्यांनी बोलणं कमी केलं होतं आणि ऐकणं वाढवलं होतं.

या चौघांना राजी करायला कावेरीनं सकाळी एक लाडीगोडीचा डाव टाकला. 'कोरे परिवार' या गटावर तिनं लिहिलं: दुकानाच्या पानावर घरातल्या प्रत्येकाच्या वाढदिवसाला फोटोसह शुभेच्छा टाकायच्या आहेत, तारखा कळवा. एकेका माणसाला एकेक चौकोन. दहा महिन्यांतून चार चौकोन गेले तर साड्यांचं काय बिघडतं?

तारखा आल्या. काका, एक जून. धनश्री, एक जून. वीरेश, एक जून, तो तर तिला ठाऊकच होता. अप्पांनी लिहिलं नाही, नुसतंच कळवलं की आपला पण तोच.

कावेरी अंबाजोगाईच्या दवाखान्यात जन्मलेली. तिला जन्मतारीख होती. आणि ज्याला जन्मतारीख असते त्याला इतरांनाही ती असेल असं वाटतं, तिथंच ती फसली. कोऱ्यांची लेकरं मात्र ज्या शाळेत घातली, तिथल्या हेडमास्तरांनी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का एवढं पाहिलं, पोचला तर सहा वर्षं मोजली आणि दाखल्यावर एक जून टाकून मोकळे झाले. काकांपासून वीरेशपर्यंत दोन पिढ्या त्या एका तारखेत जन्मल्या.

"मी म्हणतो, घरात वडील कोण?" काकांनी सतरंजीवर बैठक मारली. "महारुद्रदादा सोडले तर मीच. मग चौकोनात वर कोण पाहिजे?"

"काका, पोस्टर हाय, पंगत न्हाई," धनश्री म्हणाली. "अन् माझ्या सासरच्या लोकांनी बघितलं अन् मी कोपऱ्यात दिसले, तर काय म्हणतील? माहेरात एवढीच किंमत!"

"तुझा तर फोटोच वीस वर्षांमागचा हाय. वळखणार कोण?"

"तुमच्या फोटोत केस हायेत ते कुणाचे?"

वीरेश हसला. हसायला नको होतं. काका त्याच्याकडे वळले.

"काय बे, दात काढतो? ऐक. एक जूनला साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांचा बी वाढदिवस हाय. कारखान्यावर जेवणावळ असती. मधी साहेब, खाली मी, हात जोडून. दुकानाचं नाव बारीक टाका, चालंल."

"साहेब कावून?" वीरेश सरळ झाला. "साहेबांच्या विरोधात उभं राहणाऱ्या भाऊंचा बी एक जूनच हाय. आपल्या मैदानाला लायटी कुणी दिल्या? भाऊंनी. दुकानाच्या पोस्टरवर साहेब दिसले तर आमच्या टीमची सोळा घरं उद्यापासून दुसऱ्या दुकानात जातील."

"अन् भाऊ दिसला तर कारखान्याचा एक बी सभासद आपल्या दारात पाय ठेवणार न्हाई!"

"काका, आवाज कमी."

"तुझा बाप खाली गादीवर बसला तो कारखान्याच्या शेअरच्या पैशावर बसला बे!"

कावेरीनं मनातल्या मनात मोजलं. बाजूनं एक होता, तोही आता बाजूनं राहिला नव्हता. त्याला बाजूच दुसरी सापडली होती.

तिनं रंगीत खडू उचलला. "काका, तुम्हाला महाशिवरात्र देते. अख्खा दिवस तुमचा. एक जून सोडा."

काका जरा विचारात पडले. "महाशिवरात्र बरी हाय. पण तिच्या आदल्या दिवशी बी पाहिजे. लोकांना आधी कळाय नको?"

दोन चौकोन गेले.

"मला पंचमी," धनश्री म्हणाली. "माहेरवाशिणीचा सण हाय, दुसऱ्या कुणाला देऊ नका वहिनी. अन् पोराचा निकाल लागंल त्या दिवशी एक."

"निकाल कधी?"

"तो तुम्ही बघा. तक्ता तुमचा."

वीरेशनं टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धेचे आठ दिवस मागितले, फायनल धरून. काकांनी ते ऐकून पतसंस्थेच्या सभेचा दिवस मागितला. काकांना पतसंस्थेचा दिवस मिळतोय म्हटल्यावर धनश्रीनं आपल्या भिशीला दर महिन्याची चार तारीख मागितली, म्हणजे दहा महिन्यांचे दहा. मग काका आणि धनश्री, जे दोघं आधी एका बाजूचे होते, भांडले. वीरेश आणि काका, जे आत्ताच भांडले होते, ते धनश्रीच्या भिशीविरुद्ध एक झाले. आणि प्रत्येक वेळी भांडण मिटवायला कावेरीनं एकेक चौकोन दिला. ती एक देई, तर मागणाऱ्याला दोन कमी पडत. बघता बघता मंगळवार, शुक्रवार आणि पैठण्यांचे पंधरवडेही वाटले गेले.

महादेवी पाठीला पोतं लावून बसल्या होत्या. कावेरी म्हणाली, "आत्याबाई, तुमचा वाढदिवस?"

"मी शाळेतच गेलेते कुठं?" महादेवी म्हणाल्या. "आधारवाल्या पोरानं विचारलं, आजी, कधी जन्मल्या? मी म्हणलं, दुष्काळात. त्यानं एक जानेवारी टाकली."

सून सोडली तर अख्ख्या घरात ज्या एकाच माणसाला स्वतःचा अख्खा दिवस होता, ती शाळेत न गेलेली बाई होती.

"तर माझं काय भांडण न्हाई कुणाशी," त्या म्हणाल्या आणि पदरानं मान पुसली.

पाच वाजत आले. छबुबाई, दुकानात तीस वर्षं घड्या मोडून घड्या घालणारी, चहाची किटली घेऊन वर आली. तिच्यामागे अप्पा आले. तक्त्यापुढे उभे राहिले. काकांचं नाव, धनश्रीचं नाव, वीरेशचं, साहेब, भाऊ, पतसंस्था, भिशी, टेनिस बॉल. अप्पांनी जूनपासून मार्चपर्यंत डोळे फिरवले, मग परत मार्चपासून जूनपर्यंत.

"साडी कधी हाय?" त्यांनी विचारलं.

कावेरीनं बघितलं. सप्टेंबरात एक होती. नोव्हेंबरात दोन.

"बरं झालं," अप्पा गोड हसले. "म्हंजी मजला द्यायला हरकत न्हाई. साड्याच न्हाईत तर ठेवायच्या कुठं हा प्रश्नच मिटला."

कावेरीला एवढं कळलं, की हा मनुष्य आपल्याला या चौघांपुढे सोडून खाली शांतपणे बसून होता, तो यासाठीच. त्याला नाही म्हणायची गरजच नव्हती. नातेवाईक होते.

ती काहीतरी तिखट बोलणार, तेवढ्यात छबुबाई कप ठेवता ठेवता म्हणाली, "अगं बया, सगळ्यांचाच एक जून? माझा बी तोच हाय की. आमच्या गल्लीत सहा घरं हायेत, सहाही घरात हाय."

"तुझ्या नवऱ्याचा?" महादेवींनी विचारलं.

"त्याचा बी. व्याह्याचा बी. आमचा सरपंच तर म्हणतो, त्या दिवशी गावात केक कापायचा तर ट्रॅक्टर लागंल."

कावेरीनं खडू खाली ठेवला. तिनं तक्त्याकडे पाहिलं नाही, अप्पांकडे पाहिलं.

"अप्पा, एक जूनला कुणाचाच फोटो टाकायचा नाही आणि सगळ्यांचा टाकायचा. आधार कार्डावर एक जून असेल त्यानं कार्ड दाखवायचं, खरेदी करायची. बाईला खणाचा ब्लाउजपीस, बाप्याला टॉवेल-टोपी. दुकानाकडून वाढदिवसाचा मान."

"निम्मा तालुका येईल की!" काका म्हणाले.

"येऊ द्या."

"फुकट वाटायचं?"

"खरेदीवर, काका. ज्याचा वाढदिवस आजवर कुणी केला नाही, त्याला टोपी घातली तर तो एकटा येईल का? बायको घेऊन येईल. लग्नसराई अजून आहे. बायको आली की बस्ता आला."

अप्पांचे डोळे बारीक झाले. हे डोळे कावेरीनं पाहिले होते. घाऊकवाला चुकून कमी भाव बोलून बसला की ते असे होत.

"लई चांगलं हाय," अप्पा म्हणाले. "लई म्हंजी लईच. करा."

"आणि मजला?"

"जाहिरात तर खालच्या दुकानाला बी चालती की." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मजल्याचं बघू की."

झालं. अक्कल घेतली, जागा ठेवली. वीरेशनं बायकोकडे बघायचं टाळलं आणि बशीत चहा ओतला.

कावेरीनं मोबाईल काढला. "ठीक. पण पोस्टर तुम्हा सगळ्यांना पसंत पाहिजे. मी तीन करते. काकांच्या लोकांसाठी साहेबांचं. यांच्या टीमसाठी भाऊंचं. धनश्रीताईंच्या भिशीसाठी ताईंचं. ज्यानं त्यानं आपापल्या गटात धाडायचं. साहेबांच्या माणसाला भाऊ दिसणार नाहीत, भाऊंच्या माणसाला साहेब."

हे इतकं सोपं होतं की दोन तास भांडलेल्या माणसांना त्याचा राग यायला हवा होता. पण राग यायला फुरसत कुठं होती? काकांना केस असलेला फोटो शोधायचा होता.

वीस मिनिटांत तिन्ही पोस्टर तयार झाली. वर फोटो. मधे शुभेच्छा. खाली टॉवेल-टोपी, ब्लाउजपीस, दुकानाचं नाव. आणि सगळ्यात खाली, बारीक नाही, चांगल्या ठसठशीत अक्षरांत, तिन्हींवर एकच ओळ.

तिनं ती लपवली नाही. कुटुंबाच्या गटावर तिन्ही टाकली आणि मोठ्यानं म्हणाली, "एक जूनला सकाळी नऊला सुटतील असं लावून ठेवते. अजून अकरा दिवस आहेत. शेवटपर्यंत वाचा. बदलायचं असेल तर आत्ता सांगा, मंजूर असेल तर अंगठा टाका."

काकांनी मोबाईल हातभर लांब धरला. "माझा फोटो जरा उजळ करता येतो का?"

"आला उजळ. खालचं वाचलंत?"

"वाचलं, वाचलं. साहेबांच्या फेट्याचा रंग बरोबर आला." अंगठा पडला.

धनश्रीनं स्वतःचा चेहरा दोन बोटांनी ताणून मोठा केला, गालापर्यंत आली, समाधान पावली. अंगठा पडला. वीरेशनं भाऊंचं आडनाव बरोबर आहे का तेवढं तपासलं. अंगठा पडला.

राहिल्या महादेवी. त्यांच्याकडे मोबाईल होता, वाचणं नव्हतं. कावेरी त्यांच्याजवळ जाऊन मांडी घालून बसली आणि हलक्या आवाजात पोस्टर वाचून दाखवलं. वरपासून. शेवटच्या ओळीशी आली तेव्हाही थांबली नाही.

महादेवींनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. मग समोर, नवऱ्याकडे. तो चहात बिस्किट बुडवत होता.

"त्यांना ठाव हाय?" त्यांनी पुटपुटत विचारलं.

"त्यांच्या मोबाईलवर आहे. वाचायचं त्यांच्या हातात."

"हं." महादेवी म्हणाल्या. "या घरात पस्तीस वर्षांत मला कुणी कागद वाचून दाखवला न्हाई. सही कर म्हणायचे फक्त." त्यांनी मोबाईल पुढे केला. "कुठं दाबू?"

चार अंगठे झाले.

अकरा दिवस थांबायचं होतं. पण दोन तास एकेका तारखेसाठी जीव टाकणाऱ्या या मंडळींना अकरा मिनिटंही थांबवेना. तक्ता, वेळ, अडीच वाजता बाई मोबाईल हातात घेते, हे सगळं ज्यांचा फोटो पोस्टरवर नव्हता त्यांच्यासाठी. काकांनी पोस्टर कारखान्याच्या गटात टाकलं, मग पतसंस्थेच्या, मग भजनी मंडळाच्या. वीरेशनं टीममध्ये टाकलं आणि टीमनं गावात. धनश्रीचं केज ओलांडून युसूफ वडगावला तिच्या जावेकडे पोचलं होतं, कारण तिथून फोन आला, की ताई, फोटो छान, पण एवढ्या बारीक कधी झालात?

"काका, एक जूनला सुटणार होतं," कावेरी म्हणाली. तिनं हे म्हणणं आपलं कर्तव्य समजलं.

"तवर कोण जगलं, कोण मेलं!" काकांचा मोबाईल वाजला. त्यांनी बघितलं, उठून उभे राहिले, पुन्हा बघितलं. "दादा! साहेबांचा मेसेज. सोताचा! 'अभिनंदन त्रिंबकराव. स्तुत्य उपक्रम. उद्घाटनास येतो.'"

"कशाच्या उद्घाटनाला?" अप्पांनी विचारलं.

काका थांबले. कशाच्या, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"भाऊंच्या पीएचा बी आलाय," वीरेश म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "ते बी उद्घाटनालाच येतो म्हणत्यात."

अप्पांनी बिस्किट बशीत ठेवलं. खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. पोस्टर उघडलं. फोटो सरकवला, शुभेच्छा सरकवल्या, टॉवेल-टोपीही सरकवली. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं आणि ओठ हलले. मोठ्यानं वाचायची त्यांना सवय नव्हती, तरी त्या दिवशी वाचलं.

"वरचा मजला. लग्नाचा बस्ता, फक्त महिलांसाठी. एक जूनपासून सुरू. संपर्क, सौ. कावेरी वीरेश कोरे."

खाली रस्त्यावरून एक ऊसतोडीचा रिकामा ट्रॅक्टर गेला.

"हे कुणी मंजूर केलं?" अप्पांनी विचारलं.

"चौघांनी," कावेरी म्हणाली. "तुम्ही म्हणलात तसं."

अप्पांनी अंगठे मोजले. चौथ्यापाशी त्यांनी मान वर केली आणि बायकोकडे पाहिलं. महादेवी छबुबाईला सांगत होत्या, की गाठी त्या कोपऱ्यातून काढून आरसा तिथं लावला तर उजेड बरा पडेल.

"मागं घ्या ते," अप्पा म्हणाले.

"कसं घ्यायचं?" काका चिडले, आणि हे भाडेकरू शोधून आणणारे तेच काका होते. "साहेब येतो म्हणले, अन् आता त्यांना सांगू, मजलाच न्हाई? निवडणुका तोंडावर हायेत! माझं तोंड दाखवायचं कुठं?"

"भाऊंना मी न्हाई सांगणार," वीरेश म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो कुणाच्या तरी भीतीनं बायकोच्या बाजूनं ठाम उभा राहिला होता.

"वहिनी, साहेब अन् भाऊ एकाच दिवशी, एकाच जिन्यावर?" धनश्रीनं तोंडावर हात ठेवला. "कसं करणार?"

"साहेब दहाला, भाऊ अडीचला," कावेरी म्हणाली आणि जूनच्या पहिल्या चौकोनात खडूनं दोन्ही वेळा लिहिल्या.

सहा वाजले. अप्पांचा फोन वाजला. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले, मग उचलला. आवाज तसाच गोड होता.

"हां, सर, नमस्कार... न्हाई न्हाई, विसरलो कशाला... सर, जागा गेली हो... न्हाई, भाडं जास्तीचं न्हाई, भाडंच न्हाई... सुनेनं घेतली... मला? मला विचारलं न्हाई, सर. आमाला बी आत्ताच कळलं. मोबाईलवर."